मेंटेनन्स कमी आहे म्हणजे सोसायटी चांगली चालली आहे का?

जमाखर्च (धागाकर्ता)

"आमच्याकडे फक्त दीड हजार" हे वाक्य सोसायट्यांच्या गप्पांत मोठ्या तोऱ्यात ऐकवलं जातं. हा आकडा काढला कसा, असं विचारलं की उत्तर बहुधा एकच येतं: बाजूच्या सोसायटीत अठराशे आहेत म्हणून! मेंटेनन्स असा ठरवायचा नसतो. खर्चाच्या बाबी वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीची वाटणी वेगळ्या मापाने होते. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत (मॉडेल बायलॉज) हे सगळं लिहिलेलं आहे. ते पुस्तक सचिवांच्या कपाटातून बाहेर येत नाही, एवढीच अडचण.

वॉचमन-सफाईवाल्यांचे पगार, जिन्यातले दिवे, ऑडिट फी, छपाई वगैरे मिळून होतं ते सेवाशुल्क. ते सर्व सदनिकांना समान. लिफ्टची देखभाल आणि वीज त्या इमारतीतल्या सर्वांना समान, तळमजला धरून. पाणी हे घरातल्या नळजोडांची संख्या आणि आकार यांवर. मालमत्ता कर महापालिकेने ज्याला जितका लावला तितका. विमा क्षेत्रफळाप्रमाणे.

आता बिलातून नेमके गायब असणारे दोन आकडे. सिंकिंग फंड (पुनर्बांधणी किंवा जड दुरुस्तीसाठी साठवायचा निधी): सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के, दर वर्षी. दुरुस्ती व देखभाल निधी: त्याच खर्चाच्या किमान ०.७५ टक्के, दर वर्षी. बांधकाम खर्च म्हणजे करारनाम्यातली किंमत नव्हे. जमिनीचा वाटा वगळून, इमारत बांधताना झालेला आणि वास्तुविशारदाने प्रमाणित केलेला खर्च.

समजा ४० घरं आहेत. २० घरं ५५० चौरस फुटांची, २० घरं ८५० ची, आणि बांधकाम खर्च १,८०० रुपये चौरस फूट. लहान घराचा बांधकाम खर्च ९ लाख ९० हजार. त्याचे सिंकिंगचे महिन्याला २०६ आणि दुरुस्ती निधीचे ६१९, मिळून ८२५ रुपये. मोठ्या घराचा खर्च १५ लाख ३० हजार. त्याचे ३१९ आणि ९५६, मिळून १,२७५. पूर्ण सोसायटीचे महिन्याला ४२ हजार, वर्षाला ५ लाख ४ हजार.

दीड हजारांच्या मेंटेनन्समध्ये हे बसत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी "सिंकिंग फंड ५०, रिपेअर फंड ५०" असे सरसकट शंभर रुपये लावतात आणि एजीएममध्ये (वार्षिक सभेत) टाळ्या घेतात. माझ्या मते कमी मेंटेनन्स ही बऱ्याचदा कर्तबगारी नसते, ती पुढच्या कमिटीच्या नावाने काढलेली उधारी असते. जाणकारांनी भर घालावी.

---

तिसरा_मजला

आकडेमोड ठीक आहे, पण कागदावर. प्रत्येक इमारतीत चार-पाच घरं निवृत्त लोकांची असतात. त्यांना महिन्याला हजार रुपये वाढवून सांगा, मग बघा सभा कशी होते. आणि निधी साठला की कमिटीला लॉबीत ग्रॅनाइट बसवायची हुक्की येते. पैसा नसलेला बरा, निदान उधळला तरी जात नाही.

दुसरं. ५५० फुटांच्या घराला आणि ८५० च्या घराला वॉचमनचा खर्च समान कसा?

---

कायद्याचं_बोला

समान, कारण वॉचमन दार राखतो, चौरस फूट नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही समान सेवाशुल्क उचलून धरलेलं आहे. मोठ्या घराने जास्त द्यायला हवं तिथे टक्केवारीचे निधी, कर, विमा आणि नळ आहेतच.

पण आधी एक गोष्ट तपासा: तुमची नोंदणी नेमकी कशाची आहे? पुण्यात पुष्कळ संकुलं ही सहकारी संस्था नाहीत, महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट १९७० खालची कंडोमिनियम आहेत. तिथे घोषणापत्रात, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, प्रत्येक घराचा सामाईक भागातला अविभक्त हिस्सा टक्क्यांत दिलेला असतो आणि सामाईक खर्च त्या टक्क्यांनी वाटायचा असतो. वरचा समान-वाटणीचा नियम तिथे लागू नाही. निम्मी भांडणं एका कायद्याखालच्या लोकांनी दुसऱ्या कायद्याचे दाखले दिल्यामुळे होतात. नोंदणी प्रमाणपत्र काढून बघा, १९६० चा सहकारी संस्था कायदा लिहिलाय की १९७० चा.

तळमजल्याच्या लिफ्टबद्दल: हो, त्यांनाही द्यावे लागतात. गच्चीवरची टाकी आणि लिफ्टची खोली त्यांचीही आहे.

---

जमाखर्च

@तिसरा_मजला, निवृत्त लोकांचा मुद्दा घेऊ. त्याच ४० घरांच्या इमारतीला बाहेरून रंग द्यायचा आहे. इमारत पार्किंग अधिक आठ मजले, आराखडा २५ बाय १८ मीटर. परीघ ८६ मीटर, उंची २७ मीटर, म्हणजे २,३२२ चौरस मीटर, साधारण २५ हजार चौरस फूट. गॅलऱ्या, छज्जे, डक्ट यांचे ३० टक्के वाढवले की ३२,५०० चौरस फूट. परांचीसह दर ३० रुपये धरला तर पावणेदहा लाख.

दुरुस्ती निधी नियमाने गोळा केला तर वर्षाला ३ लाख ७८ हजार जमतात, म्हणजे अडीच वर्षांत रंगाचे पैसे हातात. महिन्याला शंभर रुपये घेतले, तर वर्षाला ४८ हजार. पावणेदहा लाख व्हायला वीस वर्षं. मग काय होतं? एके दिवशी नोटीस लागते: प्रत्येक घराने २४,३७५ रुपये महिन्याभरात भरावेत. निवृत्त माणसाला महिन्याचे सव्वाआठशे सोपे की एकरकमी चोवीस हजार, ते तुम्हीच सांगा. शिवाय गेली दहा वर्षं राहून मागच्या महिन्यात घर विकून गेलेला माणूस त्यातून सुटतो आणि परवा आलेला अडकतो.

---

ओलावा

रंगाचा विषय निघालाच आहे म्हणून. सोसायटीच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त पैसा जातो तो क्रम उलटा केल्यामुळे. रंग शेवटी यायचा असतो. आधी गच्ची, मग प्लंबिंगचे उभे पाइप, मग भेगा आणि प्लास्टर, त्यानंतर रंग. बहुतेक ठिकाणी रंग आधी दिला जातो, कारण तो दिसतो.

गच्चीची परीक्षा सोपी आहे. पावसाळी पाइपांची तोंडं बंद करून ४ ते ५ सेंटीमीटर पाणी साठवा आणि ४८ तास ठेवा. पातळीवर खूण करा. खालच्या घराच्या छताला ओल आली की जागा कळते. गळती स्लॅबच्या मधून क्वचितच सुरू होते. ती सुरू होते तीन ठिकाणी: पावसाळी पाइपाच्या तोंडाभोवती, कठडा आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात (तिथली गोलाई, म्हणजे वाटा, तडकलेली असते), आणि डिश, पाण्याच्या लाइनी, सोलर हीटर यांच्यासाठी कुणीतरी बिनदिक्कत मारलेल्या भोकांत. तिसऱ्या कारणासाठी गच्चीवर ड्रिल लावायला लेखी परवानगी सक्तीची करा. ब्रिकबॅट कोब्याला (विटांच्या तुकड्यांवरचा जलरोधक थर) उतार किमान १०० ला १ पाहिजे, म्हणजे पाच मीटरला पाच सेंटीमीटर. जुन्या कोब्यावर नुसतं केमिकल फासलं तर पहिला पावसाळा निघतो, दुसऱ्याला ते पापुद्र्यासारखं सुटतं, कारण कोब्याच्या आत पाणी आधीच मुरलेलं असतं. ते उन्हाने वाफ होऊन वर यायला बघतं.

भिंतींना नोव्हेंबरच्या आधी हात लावू नका. ऑक्टोबरमध्ये वरून कोरडी दिसणारी भिंत आत ओली असते. बारीक रेषा आणि भेग यांत फरक करा: केसासारखी रेषा लवचीक रंग झाकतो, पण जिथून पावसात आत ओल येते ती भेग व्ही आकारात उघडून भरावी लागते. कॉलमला उभी भेग असेल आणि टोचल्यावर तांबडं गंजाचं पाणी दिसत असेल तर रंगवाला परत पाठवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. आतला गज फुगून काँक्रीट ढकलतोय. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तिशीच्या पुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं.

कंत्राटाबद्दल चार गोष्टी. मोजमाप कंत्राटदाराने एकट्याने करायचं नाही, कमिटीतला एक माणूस टेप धरायला हवा. खिडक्यांची वजावट किती आणि कशी, ते दर ठरवतानाच लिहून घ्या. काम संपल्यावर त्यावरून हमखास वाद होतो. आगाऊ १० टक्क्यांवर देऊ नका आणि ५ टक्के एक पावसाळा निघेपर्यंत राखून ठेवा. टीडीएस कापा: कंत्राटदार व्यक्ती असेल तर १ टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २ टक्के. सोसायटीकडे बहुधा टॅन (कापलेला कर भरायला लागणारा) क्रमांक नसतो, तो आधी घ्यावा लागतो.

आणि वरच्या घरातून खालच्या घरात गळतं तेव्हा खर्च कुणाचा, हा कायमचा प्रश्न. घरातल्या न्हाणीची, संडासाची, बेसिनची गळती ज्या त्या सभासदाची. गच्ची, पावसाचं पाणी, बाहेरचे सामाईक पाइप यांची गळती सोसायटीची, आणि त्यामुळे वरच्या मजल्याचं छताचं प्लास्टर खराब झालं तर तेही सोसायटीचंच.

---

पंपहाऊस

पाण्याचं कुणी बोललं नाही. वीजबिल आणि टँकर, दोन्हींचा चोर तिथेच असतो.

माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी प्रमाण धरा. ४० घरं, घरटी चार माणसं, म्हणजे २१,६०० लिटर. हे पाणी २५ मीटर वर चढवायला भौतिकशास्त्राप्रमाणे दीड युनिट वीज लागते. पंप, मोटर आणि पाइपातलं घर्षण धरून एकूण कार्यक्षमता ४० टक्के मानली तरी साडेतीन-चार युनिट. महिन्याला ११० ते १२० युनिट. पंपाला वेगळा सबमीटर बसवा, फार खर्च नाही. तो महिन्याला अडीचशे दाखवत असेल तर पुढच्या चारपैकी एक गोष्ट आहे.

एक, वरची टाकी भरून वाहते आणि वॉचमन पंप बंद करायला विसरतो. पातळी बघून पंप आपोआप बंद करणारं यंत्र लावा, पण ते खालच्या टाकीलाही लावा, नाहीतर पाणी संपल्यावर पंप कोरडा फिरतो आणि सील जळतं. दोन, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतो: पंप बंद झाला की पाइपातलं पाणी खाली येतं. पंप बंद केल्या केल्या कान लावा, पाण्याचा आवाज येत राहिला तर व्हॉल्व्ह गेला. तीन, इंपेलर (पंपातलं फिरतं चक्र) झिजलाय. ५ एचपीचा धडधाकट पंप या उंचीला तासाला १५ ते २० हजार लिटर चढवतो. म्हणजे सव्वा-दीड तासाचं काम. तो तीन तास चालत असेल तर खोला. चार, पंप गरजेपेक्षा मोठा आहे. "मोठा पंप चांगला" म्हणून साडेसातचा बसवलेला असतो आणि व्हॉल्व्ह अर्धा आवळून चालवतात.

गळती शोधायची तर रात्री एक ते चार. पंप बंद, आणि वरच्या टाकीची पातळी पट्टीने मोजा. टाकी ४ बाय ३ मीटर असेल तर एक सेंटीमीटर म्हणजे १२० लिटर. सगळे झोपले असताना तासाला एक सेंटीमीटर उतरत असेल तर दिवसाला जवळजवळ २,९०० लिटर कुठेतरी जातंय. दहा हजारी टँकरच्या पाव हिश्श्याहून जास्तच ते. बहुतेक वेळा ते फ्लशच्या टाक्यांतून कमोडमध्ये झिरपतं, आणि घरातल्यांना पत्ताही नसतो. फ्लशच्या टाकीत थोडी शाई किंवा खायचा रंग टाका, पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की वॉशर बदला.

टँकर मोजूनच घ्या. खालची टाकी ५ बाय ४ मीटर असेल तर दहा हजार लिटर ओतल्यावर पाणी ५० सेंटीमीटर चढलं पाहिजे. ४३ चढलं तर ८,६०० लिटर आले. मोजताना पंप बंद आणि महापालिकेची लाइन बंद. टाकीच्या भिंतीवर रंगाने सेंटीमीटरची पट्टी आखली की वाद मिटतो, टँकरवालाही मग भरून आणतो.

---

गाळ_उपसा

@पंपहाऊस यांना दुजोरा, वर एक जोड. टँकरचं पाणी आलं की त्यात क्लोरीन आहे का ते बघा. नळाच्या पाण्यात उरलेलं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं, तपासायचा संच केमिस्टकडे मिळतो. २० हजार लिटरला दोन मिलिग्रॅमचा डोस द्यायचा तर ४० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे २५ टक्केवाली ब्लीचिंग पावडर १६० ग्रॅम. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळ टाकीत ओता. अर्धा तास थांबून मग पंप चालवा. उघड्या पोत्यातली जुनी पावडर काही कामाची नाही, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

ड्रेनेजबद्दल: कुंपणाच्या आतल्या शेवटच्या चेंबरपर्यंत सोसायटीचं, त्याच्या पुढे महापालिकेचं. तुंबलं की आधी हा शेवटचा चेंबर उघडा. तो भरलेला असेल तर वॉर्ड ऑफिसला तक्रार, रिकामा असेल तर दोष आतला आणि खर्च तुमचा. हे न बघताच गाडी बोलावली की उगाच दोन-तीन हजार जातात. पावसाळी चेंबर मेच्या अखेरीस उपसा, जूनमध्ये नाही.

---

गेटवरून

सुरक्षारक्षक. सगळ्यात मोठी मासिक बाब हीच, आणि कोटेशन सगळ्यात कमी वाचलं जातं तेही हेच. एक गेट चोवीस तास म्हणजे आठवड्याला १६८ तास. माणसाने आठवड्याला ४८ तास काम करायचं, म्हणजे एका गेटला साडेतीन माणसं. एजन्सी दोन माणसांचं कोटेशन देते तेव्हा ती माणसं बारा-बारा तास, सुट्टीशिवाय राबणार असतात. जादा तासांचा दुप्पट दर कुणाला दिला जात नाही, आणि मग पहाटे तीनला गेटवर कुणी झोपलं म्हणून आरडाओरडा होतो.

स्वस्त एजन्सी म्हणजे पीएफ आणि ईएसआय भरत नसलेली एजन्सी, बहुधा. बिलासोबत दर महिन्याला चलन आणि त्याची कर्मचारी यादी मागा आणि यादीत तुमच्या रक्षकांची नावं आहेत का बघा. एजन्सीने बुडवलं तर मूळ नियोक्ता म्हणून मागणी सोसायटीकडे येऊ शकते.

---

तिसरा_मजला

बरं, मान्य. निधी गोळा केला. ठेवला कुठे? सहकारी बँकेत जास्त व्याज म्हणून टाकतात आणि बँक बुडते. २०१९ विसरलात का?

---

ठेवपावती

रास्त प्रश्न. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांचे निधी त्यात अडकले. तेव्हा ठेव विमा एक लाखाचा होता, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचा झाला. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

त्यातून घ्यायचं ते इतकंच: पाच लाखांचा विमा एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून. एकाच बँकेच्या तीन शाखांत पावत्या केल्या म्हणजे पंधरा लाखांचं संरक्षण होत नाही. २० लाखांचा निधी असेल तर पाच बँकांत चार-चार लाखांच्या पावत्या करा. मुदती वेगवेगळ्या ठेवा, दर वर्षी एक पावती पिकेल अशा. पावती सोसायटीच्या नावावर, मोडायला दोन सह्या. सोसायटीला पैसा कुठे गुंतवता येतो ते सहकार कायद्याच्या कलम ७० मध्ये आहे, पतपेढीचा दर बघून भुलू नका.

ग्रॅनाइटच्या हौसेबद्दल: सिंकिंग फंड कमिटीला परस्पर वापरता येत नाही. तो पुनर्बांधणी, मोठे संरचनात्मक बदल किंवा जड दुरुस्तीसाठी, आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाने. साध्या दुरुस्तीवरही कमिटीला मर्यादा आहे: २५ पर्यंत सभासद असतील तर २५ हजार, २६ ते ५० ला ५० हजार, त्यावर एक लाख. त्यापुढे सभेची मंजुरी.

---

गच्चीवरचं_ऊन

सामाईक वीजमीटरचं कुणाच्या लक्षात येत नाही. महावितरणकडे सोसायटीचे सामाईक दिवे, पंप, लिफ्ट घरगुती दरात येतात, पण मीटर एकच. महिन्याला ५०० युनिटांच्या वरचा सगळा वापर सर्वांत महाग टप्प्यात जातो. छतावरचं सोलर सगळ्यात जास्त पैसे वाचवतं ते याच मीटरवर, घरांच्या मीटरवर नव्हे. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार अनुदान आहे. @ओलावा यांचं वाचून एक जोडतो: वॉटरप्रूफिंग आधी. नंतर सांगाडा हलवायचा खर्च कोटेशनमध्ये नसतो. आणि पॅनल दर पंधरवड्याला धुवायला गच्चीवर नळ ठेवा.

---

कायद्याचं_बोला

थकबाकीचं राहिलं. निधीचे आकडे कितीही बरोबर काढा, दोन-तीन घरं पैसेच भरत नसतील तर सगळा हिशेब कोलमडतो.

पाणी तोडणं, लिफ्ट बंद करणं, नोटीस बोर्डावर नाव लावून बदनामी करणं, यातलं काहीही करू नका. उलट सोसायटीच अडचणीत येते. रस्ता सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ चा, पूर्वीचं १०१. बिलं वेळेवर आणि पोच घेऊन द्या. मागणीच्या नोटिसा पोच मिळेल अशा पोस्टाने पाठवा. कमिटीचा ठराव, खातेउतारा, बिलांच्या प्रती, सगळं जोडून उपनिबंधकाकडे अर्ज. वसुली दाखला मिळाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. अर्ज फेटाळला जातो किंवा रखडतो तो बहुधा तीन कारणांनी: खातेउतारा आणि बिलांची बेरीज जुळत नाही, दर ज्या ठरावाने वाढवले तो ठराव इतिवृत्तात नाही, किंवा व्याज चक्रवाढ लावलंय. व्याज सरळच लागतं. २०१४ च्या आदर्श उपविधींत त्याची कमाल मर्यादा वर्षाला २१ टक्के आहे. तुम्ही कोणते उपविधी स्वीकारलेत आणि सभेने किती दर ठरवला तो बघा, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर काय लावतं त्यावर जाऊ नका.

भाडेकरू ठेवणाऱ्यांकडून बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. पूर्ण मेंटेनन्सच्या १० टक्के घेणाऱ्या सोसायट्या खूप आहेत, तो आकडा तक्रारीत टिकत नाही.

---

नवा_खजिनदार

धागा कामाचा आहे. आमच्याकडे मागच्या कमिटीने सात वर्षं मेंटेनन्स वाढवला नाही आणि तरी दर वर्षी हिशेब जुळला, कुठेच तूट नाही. हे कसं शक्य आहे? कुठे बघू?

---

जमाखर्च

ताळेबंद उघडा. डाव्या बाजूला, देयतांमध्ये, सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधीची शिल्लक बघा. दोन्हींची बेरीज करा. उजव्या बाजूला मुदत ठेवींची बेरीज करा. डावीकडे ९ लाख आणि उजवीकडे ४ लाख असतील तर मधले ५ लाख पगारात, टँकरमध्ये आणि लिफ्टच्या एएमसीमध्ये (वार्षिक देखभाल करार) गेलेत. निधी म्हणून गोळा केले, चालू खात्यात पडले आणि खर्च झाले. बिलावर "सिंकिंग फंड" छापलेलं होतं म्हणून कुणाला शंका आली नाही.

मग थकबाकीची यादी घ्या. ५ लाखांपैकी दोन लाख थकबाकीत दिसत असतील तर ते निदान येणं आहे. उरलेले तीन खरे गेले. तिसरी जागा म्हणजे "संकीर्ण ठेवी" आणि "देणी". कंत्राटदाराचे राखून ठेवलेले पैसे, भरायचा राहिलेला टीडीएस, घराच्या अंतर्गत कामांसाठी घेतलेल्या डिपॉझिटच्या रकमा तिथे असतात. त्याही लोकांच्या आहेत, परत द्यायच्या आहेत.

---

नवा_खजिनदार

बघितलं. डावीकडे ११ लाख ४० हजार, ठेवी ३ लाख ८० हजार, थकबाकी १ लाख ६५ हजार. ऑडिटरने यावर काहीच लिहिलेलं नाही. आता एजीएमला काय मांडू?

---

ठेवपावती

तफावत ५ लाख ९५ हजार. आधी बचत खात्याची ३१ मार्चची शिल्लक वजा करा, ती धरलेली दिसत नाही. उरेल तो आकडा विषयपत्रिकेवर स्वतंत्र विषय म्हणून घ्या, "इतर विषय" खाली नको. नोटीस १४ पूर्ण दिवस आधी, सभा ३० सप्टेंबरच्या आत. ऑडिटरला तोच प्रश्न लेखी विचारा: निधीची रक्कम स्वतंत्र गुंतवलेली नाही, याची नोंद अहवालात का नाही? तो शेरा आला की कमिटीला 'ओ' नमुन्यात दोष दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो, म्हणजे विषय कागदावर राहतो.

ठराव साधा ठेवा. निधीसाठी वेगळं बँक खातं, दर महिन्याच्या वसुलीतून निधीचा वाटा १५ तारखेपर्यंत तिकडे वळता करायचा, आणि तफावत ३६ महिन्यांत भरून काढायची. समजा बँक शिल्लक वजा जाता साडेपाच लाख उरले आणि तुमची घरं ४० आहेत, तर घरटी महिन्याला ३८२ रुपये. हा आकडा बिलावर वेगळ्या ओळीत दाखवा, सेवाशुल्कात मिसळू नका. आणि नोटिशीसोबत ताळेबंदाची प्रत सगळ्यांना द्या, सभेत वाटली तर कुणी वाचत नाही.

---

तिसरा_मजला

३८२ वर आमच्याकडेही मतदान होऊ शकेल. ग्रॅनाइटवर मात्र नाही.